डब्यावरची चिठ्ठी: रिकाम्या पुंगळीची दीडशे वर्षं

हेडफोन लावलेत? मग आज आपण एका तळघरात जाऊया.

हे तळघर अमेरिकेतलं आहे. कॅन्सस म्हणा, नेब्रास्का म्हणा, आयडाहो म्हणा, तिकडच्या कुठल्याही छोट्या गावातलं. घरातले आजोबा गेलेत. दिवस-कार्य उरकलंय, पाहुणे परतलेत आणि आता घर आवरायचंय. मुलगी दिवा लावून खाली उतरते. समोर लाकडी बाक, त्याला बोल्टने घट्ट बसवलेलं एक हिरवं लोखंडी यंत्र, त्याला लांब दांडा. फळीवर कॉफीचे जुने डबे, त्यात शेकड्याने पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या. खाली पत्र्याचे नि पुठ्ठ्याचे डबे, त्यात दारू. पिण्याची नव्हे, बंदुकीची. एका कोपऱ्यात तेलकट पानांची वही.

आजोबा आयुष्यभर आपल्या रायफलीची काडतुसं इथे बसून स्वतः भरत होते. आता मुलीपुढे तीन प्रश्न आहेत. हे साफ कसं करायचं? याची किंमत किती? आणि हे द्यायचं कुणाला?

अमेरिकेत ही वेळ अनेक घरांवर येते. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या पिढीने हा छंद धरला, ती पिढी आता जवळपास संपलीय आणि तळघरं भरलेली आहेत. या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलं की दीडशे वर्षांचा इतिहास उलगडतो. त्यात बायसन आहेत, घोड्यांचे तबेले आहेत, हिंदुस्थानातला पावसाळा आहे आणि हो, आपलं खडकीसुद्धा आहे.

चला, सुरुवात करूया.

आधी काडतूस म्हणजे काय ते बघू

बातम्यांमध्ये आपण ऐकतो, 'घटनास्थळी पाच पुंगळ्या सापडल्या.' ही पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी अंग. काडतुसात चार गोष्टी असतात. बाहेर पितळेची पुंगळी. तिच्या बुडात बसवलेली छोटीशी टोपी, म्हणजे प्रायमर. आत दारू. आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा पडला की टोपी ठिणगी टाकते, दारू जळते, वायू गोळीला पुढे ढकलतो.

आता गंमत बघा. गोळी गेली, दारू जळाली, टोपी संपली. उरलं काय? पितळ. आणि या चौघांत सगळ्यात महाग तेच! मग हिशेबी माणूस काय करणार? पुंगळी उचलणार, जुनी टोपी काढून नवी बसवणार, दारू मोजून घालणार, नवी गोळी दाबणार. याला म्हणतात रीलोडिंग. आपल्याकडे जुन्या पितळी भांड्याला कल्हई करून परत वापरायचे ना, वृत्ती तीच.

१८५७ ते १८६६

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. ती एनफील्ड बंदुकीची काडतुसं कागदाची होती. दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची. कागद एकदाच वापरायचा, पुन्हा भरण्याचा प्रश्नच नाही. त्यानंतर जेमतेम नऊ वर्षांनी, १८६६ साली, धातूच्या काडतुसासाठी टोपीच्या दोन पद्धती पुढे आल्या.

एक पद्धत अमेरिकेच्या हायरम बर्डनची. हा यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणीचा अधिकारी होता. दुसरी पद्धत इंग्लंडच्या कर्नल एडवर्ड बॉक्सरची. हा वुलिचच्या लष्करी प्रयोगशाळेचा प्रमुख. टोपी चिरडायला आत एक छोटी ऐरण लागते. बर्डनने ती ऐरण पुंगळीतच ठेवली आणि तिच्या बाजूला आग जायला बारीक भोकं दिली. बॉक्सरने ऐरण टोपीत घातली आणि पुंगळीत मधोमध एकच भोक ठेवलं.

फरक क्षुल्लक वाटतो, पण मधोमध भोक असलं की एक सळी आत घालून जुनी टोपी टक्कन बाहेर पाडता येते. बर्डनच्या पुंगळीत ते सहज जमत नाही. आणि इतिहासाचा विनोद असा की अमेरिकन माणसाची पद्धत युरोपात रुजली आणि इंग्रजाची पद्धत अमेरिकेत! म्हणूनच घरी काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत इतका फोफावू शकला. त्या तळघरातल्या डब्यांचं मूळ असं एका भोकात आहे.

शेकोटीच्या उजेडात

१८७० चं दशक. अमेरिकेची मोकळी गवताळ मैदानं. तिथे बायसनच्या कातड्यांसाठी शिकारी टोळ्या उतरल्या. हातात शार्प्स कंपनीच्या जड रायफली. दुकान कित्येक मैल लांब, तयार काडतूस महाग. म्हणून हे लोक गाडीत शिसं, दारूची पिंपं आणि टोप्या घेऊन फिरायचे. दिवसभर गोळ्या झाडायच्या, संध्याकाळी पुंगळ्या गोळा करायच्या, शेकोटीवर शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतायच्या आणि दुसऱ्या दिवसाची काडतुसं भरायची.

हे चित्र ऐकायला रोमांचक आहे, पण त्याचा शेवट सांगितलाच पाहिजे. कोट्यवधींच्या घरात असलेले बायसन १८८० च्या दशकाअखेर जेमतेम हजाराच्या आसपास उरले. ज्या आदिवासी जमातींचं अन्न, वस्त्र, निवारा या प्राण्यावर होतं, त्यांचं जगणं मोडून पडलं. काटकसर हा गुण आहे, पण काटकसरीने केलेलं प्रत्येक काम चांगलं असतं असं नाही. आज एखाद्या संग्राहकाच्या कपाटात त्या काळातली शार्प्सची पुंगळी दिसली, तर ही गोष्टही तिच्यासोबत यायला हवी.

१८८४ मध्ये जॉन बार्लो नावाच्या माणसाने कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवनमध्ये आयडियल नावाची कंपनी काढली. तिचं हत्यार पकडीसारखं होतं. एकाच पकडीत टोपी बसवा, गोळी दाबा. खिशात मावेल असं. शिवाय कंपनीने माहितीपुस्तिका काढल्या: कुठल्या काडतुसाला कुठली गोळी, किती दारू. म्हणजे आता हत्याराबरोबर ज्ञानही छापील मिळायला लागलं. १९२५ मध्ये ही कंपनी लायमनने विकत घेतली. आजही तळघरात निकेलचा मुलामा दिलेली अशी जुनी पकड सापडली, तर ती भंगारात टाकू नका. तिला शौकीन भेटतो.

पहिला प्रश्न: साफ कसं करायचं?

आता येऊ आपल्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाकडे. पुंगळी साफ करण्याचा इतिहास म्हणजे खरं तर रसायनांनी माणसाला दिलेल्या फटक्यांचा इतिहास आहे.

पहिला फटका काळ्या दारूचा. सोरा, गंधक, कोळसा. तिची राख ओलावा धरते आणि पितळ खाते. म्हणून वापरलेली पुंगळी लवकर पाण्याने धुवायची, हा जुना नियम.

मग १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने धूर न करणारी दारू बनवली. आता राख नाही, सगळं स्वच्छ. लोक खूश! पण तेव्हाच्या टोप्यांमध्ये पाऱ्याचं संयुग असायचं. पूर्वी तो पारा राखेबरोबर निघून जायचा. आता राखच नाही, त्यामुळे पारा थेट पितळात शिरायला लागला. पुंगळी वरून छान, आतून ठिसूळ. दुसऱ्यांदा भरली की तडकली. आणि हे कुठल्याही पॉलिशने निघत नाही.

तिसरा फटका मिठाचा. पारा टाळलेल्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे उरतं पोटॅशियम क्लोराईड, आपल्या मिठाचाच भाऊ. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते? तसंच हे नळीत बसून हवेतलं पाणी ओढतं आणि एका रात्रीत गंज चढवतं. उपाय? तेल नाही, पाणी. मीठ पाण्यातच विरघळतं. आधी पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं आणि मग तेल. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक अमेरिकी लष्करी काडतुसांमध्ये अशाच टोप्या होत्या.

आणि चौथा फटका आपल्या मातीतला. ब्रिटिश सैन्य हिंदुस्थानात काडतुसांचा साठा ठेवायचं. पावसाळ्यात कोरडी जागा म्हणून तबेल्यांत पेट्या ठेवल्या जायच्या. पावसाळा सरला की पेटी उघडायची, तर पुंगळ्यांच्या मानेला चिरा! कुणी हात लावला नाही, कुणी आपटलं नाही, तरी चिरा. ऋतूनुसार होतं म्हणून इंग्रजांनी त्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव दिलं. खरं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो. पितळ घडवताना त्यात ताण राहिलेला असतो. ताण, ओलावा आणि अमोनिया एकत्र आले की पितळ उकलतं. उपाय म्हणजे पुंगळी घडवून झाल्यावर तिला माफक आच देऊन तो ताण घालवायचा.

आता हे शंभर वर्षांपूर्वीचं संशोधन तळघरातल्या मुलीच्या काय कामाचं? सांगतो. बाजारात मिळणाऱ्या पितळेच्या अनेक पॉलिशमध्ये अमोनिया असतो. देवाच्या समईला ते चालेल, कारण समईत कुणी स्फोट घडवत नाही. पण जी पुंगळी पुन्हा भरायची आहे, तिला अमोनियाचं पॉलिश लावायचं नाही. तबेल्याने शिकवलेला धडा आहे हा.

मग काय वापरायचं? भरडलेल्या मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या टरफलाचा भुसा घातलेलं फिरतं किंवा थरथरणारं भांडं, ही जुनी पद्धत. किंवा पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व. आपल्या आज्या तांब्या-पितळेला चिंच लावायच्या, त्यामागचं रसायन याच जातीचं. आणि आजीचा नियमही तोच: चिंच लावून भांडं विसरायचं नाही. फार वेळ आंबटात ठेवलं की पितळातलं जस्त निघून जातं आणि वर गुलाबी तांबं दिसायला लागतं. काडतुसाचं पितळ साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त असतं. जस्त गेलं की ताकद गेली.

अजून एक. टोपीच्या काजळीत शिसं असतं. त्या भुशाची धूळ स्वयंपाकघरात नको, लहान मुलांजवळ तर नकोच. हातमोजे घाला, हात धुवा.

आणि संग्रहाच्या दृष्टीने फार जुनी पुंगळी किंवा हत्यार असेल, तर चकाकी आणूच नका. तो काळपट थर हीच त्या वस्तूची वयाची खूण. घासून घालवलीत तर निम्मी किंमत तुम्हीच पुसली असं समजा.

दुसरा प्रश्न: किंमत किती?

यासाठी १९४५ नंतरच्या अमेरिकेत जावं लागेल. युद्ध संपलं. लाखो जवान घरी आले, त्यांना रायफल हाताळता येत होती. आणि सरकारकडे दारूचा डोंगर पडून होता, विकायला काढलेला.

कॅन्ससमधला ब्रूस हॉजडन हा माणूस. त्याने आपल्या विमा पॉलिसीवर कर्ज काढलं आणि ही उरलेली लष्करी दारू विकत घेतली. ठेवायची कुठे? रेल्वेचा एक जुना डबा आणून भाड्याच्या कुरणात उभा केला, झालं गोदाम! डबे भरायचे, हाताने चिठ्ठ्या चिकटवायच्या. हे काम त्याच्या घरची मुलं करायची. ती चिठ्ठी लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचंय.

कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टनने १९४३ मध्ये वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत गोळ्या बनवायचा साचा तयार केला. युद्धामुळे माल मिळत नव्हता, म्हणून वापरलेल्या छोट्या .२२ पुंगळ्यांचंच कवच करून त्यात शिसं घालायचं. त्यातून आरसीबीएस कंपनी उभी राहिली. तळघरातलं ते हिरवं यंत्र बहुधा तिचंच. नेब्रास्कात जॉइस हॉर्नडीने १९४९ मध्ये गोळ्यांचा कारखाना काढला. १९५८ मध्ये रिचर्ड ली यांनी खिशात मावणारा स्वस्त संच आणला, हातोडीने ठोकून काडतूस भरायचा. टंचाईतून आणि युद्धाच्या उरल्यासुरल्या मालातून एक अख्खा उद्योग जन्मला.

म्हणजे तळघरातल्या मालाची किंमत अशी लावायची. लोखंडी यंत्रं आणि साचे: यांना मरण नाही, गंज पुसला की पुढची पन्नास वर्षं चालतात. पितळ: चिरा नसतील तर चांगली किंमत. टोप्या: मूळ खोक्यात, कोरड्या असतील तर मोलाच्या. २०२० नंतरच्या टंचाईत अमेरिकेत टोप्यांचे भाव कित्येक पटींनी चढले होते. पण कुणी काचेच्या बरणीत सुट्ट्या टोप्या भरून ठेवल्या असतील, तर सावधान! एक फुटली की सगळ्या फुटतात.

पुंगळीचं एक बरं असतं. तिचा जन्मदाखला तिच्या बुडावरच कोरलेला असतो. लष्करी पुंगळीवर कारखान्याची अक्षरं आणि साल. 'एल सी' असेल तर मिसुरीचं लेक सिटी. 'एफ ए' असेल तर फिलाडेल्फियाचं फ्रँकफर्ड आर्सेनल. आणि कधी एखाद्या डब्यात .३०३ ची पुंगळी निघते, तिच्यावर 'के एफ'. ही कुठली? मंडळी, ही आपल्या पुण्याच्या खडकीची! १८६९ मध्ये सुरू झालेला तिथला दारूगोळा कारखाना. जुन्या लष्करी मालातून तिथली काडतुसं पार परदेशी नेमबाजांपर्यंत गेली. ब्रिटिश पद्धतीच्या .३०३ मध्ये टोपी सहसा बर्डनची, म्हणजे पुन्हा भरायला अवघड. तरीही खडकीत ठोकलेली दोन अक्षरं तळघरात वाचता येतात, केवढी गोष्ट आहे!

चिठ्ठी

पण दारूच्या दाण्यांवर काहीच कोरलेलं नसतं. काळपट, करड्या रंगाचे बारीक दाणे. दिसायला एक दारू दुसरीसारखीच. एक झपकन जळते, दुसरी सावकाश. चुकीची दारू भरली तर रायफल हातात फुटू शकते. डोळा जातो, बोटं जातात, जीवही जातो.

एक खरं उदाहरण सांगतो. हॉजडनने २० मिलिमीटर तोफेच्या काडतुसांतून उरलेली दारू ४८३१ या आकड्याने विकली. अतिशय लोकप्रिय झाली. मग १९७० च्या दशकात दुसऱ्या कंपनीने स्वतःची ४८३१ आणली. आकडा तोच. पण ही जास्त वेगाने जळते! आता विचार करा. आजोबांच्या वहीत १९६० सालची नोंद आहे, '४८३१, इतकी भरावी.' फळीवर डबा आहे, त्यावर पेन्सिलीने फक्त '४८३१'. कुठली? ते सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो आता नाही.

म्हणूनच या छंदातला सगळ्यात कडक नियम असा आहे: चिठ्ठी नसलेल्या डब्यातल्या दारूची किंमत शून्य. चिठ्ठी हाताने लिहिलेली असेल, किंवा डबा एकाचा नि माल दुसऱ्याचा वाटत असेल, तरी शून्य. मूळ डब्यातली असेल तर वास घ्यायचा, लांबूनच. चांगल्या दारूला सौम्य, स्पिरिटसारखा वास असतो. नाकाला झोंबणारा आंबट वास, तांबूस धूळ किंवा धूर, आतून गंजलेलं झाकण, म्हणजे ती सडायला लागली. अशी दारू घरात ठेवत नाहीत, कारण ती आपोआप तापून पेटू शकते. कचऱ्यात टाकायची नाही, व्हॅक्यूम क्लीनरने ओढायची तर अजिबात नाही. तिथल्या अग्निशमन दलाला विचारायचं.

आणि आजोबांनी भरून ठेवलेली तयार काडतुसं? दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपण झाडायचं नाही. कितीही जवळच्या माणसाने भरलेलं असलं तरी. हे ऐकायला कठोर वाटतं. पण तो माणूस असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं.

तिसरा प्रश्न: द्यायचं कुणाला?

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरायची तर लागतो. टोप्या आणि दारू सरकारी टपालाने पाठवता येत नाहीत. म्हणून असा माल बहुतेक वेळा गावातल्या गावातच फिरतो: नेमबाजीचा क्लब, ओळखीचा शेजारी, एखादा शिकाऊ तरुण.

आपल्याकडे चित्र पूर्ण वेगळं आहे, हे स्पष्ट सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. वाड्याच्या माळ्यावर पणजोबांची जुनी काडतुसं सापडली, तर साफ करायला बसू नका, फोटो टाकून विकायला काढू नका. हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. बंदूक वारसाने आली तरी परवाना वारसाने येत नाही.

आता शेवटी त्या मुलीकडे परत जाऊ. तिने यंत्र क्लबला दिलं असं समजा. पितळ एका तरुण नेमबाजाला दिलं. अनोळखी दारू अग्निशमन दलाच्या सल्ल्याने नष्ट झाली. तिच्या हातात उरली वही. त्यात तारखा, हवामान, किती दारू, नेम कुठे लागला. कधीतरी एका ओळीत, आज मुलगी सोबत होती. ही वही तिने कुणालाच देऊ नये, असं मला वाटतं. त्यातले आकडे आता कुणी वापरू नयेत. पण त्यातला माणूस तिचा आहे.

तुमच्या घरात रायफल नसेल. पण आजोबांचा हत्यारांचा खोका असेल, आजीचा मसाल्यांच्या डब्यांचा कप्पा असेल, वडिलांच्या शेतातल्या औषधांच्या बाटल्या असतील, ज्यांवर काहीच लिहिलेलं नाही आणि फक्त त्यांनाच माहीत आहे की कशात काय आहे. या रविवारी त्यांच्याजवळ बसा. एक पेन घ्या, चिठ्ठ्या घ्या. विचारा, हे काय आहे? आणि लिहून चिकटवा.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर घरच्यांच्या ग्रुपवर पाठवा. आणि तुमच्या घरात अशी बिनचिठ्ठीची कुठली वस्तू आहे, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!